झाकण धरून उभी असलेली

ओव्हाळ सरांचं एक वाक्य आमच्या कर्जतच्या शाळेत सगळ्यांच्या तोंडी होतं. "ठेवा ते खाली." शिपाई घंटेचा हातोडा हातात धरून दारात उभा दिसला, की सर जाता जाता म्हणणार, "ठेव रं ते खाली." मी नकाशाची गुंडाळी काखेत धरून जिन्यात कुणाशी बोलत थांबले, तर खालून आवाज यायचा, "बाई, ठेवा ते खाली, मग बोला." नवीन शिक्षकांना हा माणूस विक्षिप्त वाटे. जुन्यांनी सरांची नक्कल इतकी केली होती, की ती थट्टाही शिळी झाली होती. ही सवय त्यांना कुठून लागली हे शाळेत फक्त मला ठाऊक होतं. त्यात माझाही थोडा दोष होता, कारण त्या चित्रापाशी त्यांना मीच नेलं होतं.

मी भूगोल शिकवायची, सर चित्रकला. दोन्ही विषय मुलांच्या आणि मुख्याध्यापकांच्या लेखी सारखेच बिनमहत्त्वाचे, त्यामुळे स्टाफरूममध्ये आमची टेबलं खिडकीजवळ शेजारी शेजारी पडली होती. सर कळंबहून सकाळच्या एस.टी.नं येत. अंगात पांढरा शर्ट, आणि त्याला इस्त्री अशी, की बसच्या गर्दीतून येऊनही घडी मोडलेली नसे. ही इस्त्री ते तांब्यात निखारे घालून स्वतः करत. खिशात एक काडेपेटी असे, पण ते विडी ओढत नसत. पेन्सिलीला टोक काढताना पडणारं सालपट त्या काडेपेटीत जायचं. वर्गात कचरा झाला तर झाडायला बाई येते, तिला उगाच वाकायला लावायचं नाही, असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्या बोलण्याची एक गंमत होती. वर्गात ते पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलायचे. स्टाफरूममध्येही 'आहे' आणि 'नाही'. पण समोर चित्र आलं, की भाषा कळंबला परत जायची. मग 'हाय' आणि 'नाय' सुरू व्हायचं, आणि आपण समजायचं की आता हा माणूस खरं बोलतोय.

छप्पन साली त्यांच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा ते विशीतले होते. घरातले टाक आणि देव टोपलीत घालून नदीत सोडायचं काम त्यांच्याकडे आलं होतं. म्हातारी आजी काठावर बसून रडत होती, असं त्यांनी मला एकदा सांगितलं. मी विचारलं, तुम्हाला काही वाटलं नाही? तर म्हणाले, "वाटलं. टोपली जड होती. पण एकदा खाली ठेवलेलं मी पुन्हा उचलत नाय, बाई." हे वाक्य मी लक्षात ठेवलं, आणि पुढं ते मला पुष्कळ वेळा आठवलं.

त्यांची शिकवण्याची पद्धत आमच्या मुख्याध्यापकांना मुळीच पसंत नव्हती. सातवीच्या वर्गात टेबलावर एक पितळी तांब्या ठेवायचा आणि सबंध तास मुलांनी तो नुसता बघायचा. कागद, पेन्सिल सगळं दप्तरात. चित्र पुढच्या तासाला. एका वर्षी तपासणीला आलेले साहेब नेमके त्या तासाला वर्गात शिरले. चाळीस मुलं हाताची घडी घालून तांब्याकडे बघताहेत आणि सर खिडकीत उभे. साहेबांनी विचारलं, काय चाललंय? सर म्हणाले, "बघणं चालू आहे." साहेबांनी वहीत काय शेरा लिहिला ते आम्हाला कधी कळलं नाही, पण मुख्याध्यापक आठवडाभर सरांशी बोलले नाहीत. सरांना मात्र त्या तासानंतर एका मुलानं सांगितलं, की तांब्याला पोचा आहे आणि तो आपल्याकडं न वळवता मागं वळवून ठेवलाय. त्या आनंदात त्यांनी मला चहा पाजला.

फोटो असो की चित्र, सर आधी हात बघायचे. चेहऱ्याला शिकवता येतं, हाताला कुणी शिकवत नाही, म्हणून. शाळेचा वार्षिक फोटो आला की आम्ही सगळे त्यांच्याभोवती गोळा व्हायचो. अमक्यानं मूठ आवळलीय म्हणजे त्याचं शेजारच्याशी बरं नाही, तमकीनं पदराचं टोक धरलंय म्हणजे तिला घरची काळजी आहे, असं ते सांगत, आणि ते इतकं बरोबर निघे की दोघी-तिघी त्यांना फोटो दाखवायला घाबरायच्या. एका वर्षीच्या फोटोत मागच्या रांगेत, डाव्या टोकाला ते स्वतः होते. फ्रेम लहान पडली म्हणून कारागिरानं कडेनं अर्धा इंच कापला होता, त्यात सरांचा कोपरापासूनचा हात गेला होता. मी म्हटलं, आता तुमचे हात कसे वाचायचे? ते हसले. म्हणाले, "कडेला उभा राहणारा पहिला कापला जातो. दरवर्षी मलाच कडेला उभा करतात, हे तुमच्या ध्यानात आलं नव्हतं ना?" खरंच आलं नव्हतं. मला लाज वाटली.

तर ते चित्र.

खालापूरला माझा मावसभाऊ वकील होता. पोतदार वकील म्हणून सगळा तालुका त्याला ओळखायचा, आम्ही अप्पा म्हणायचो. कोर्टापासून जवळ त्याचं पक्कं घर होतं आणि पुढच्या खोलीत अशिलांसाठी एक लांब बाक होता. त्या बाकाच्या वर भिंतीवर सागाच्या फळीवर रंगवलेलं, वर रोगण चढवलेलं एक चित्र होतं. पेशवाईतलं, पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं. घराण्याचा मूळपुरुष लोडाला टेकून फूल हुंगतो आहे, समोर त्याची बायको, मध्ये दोन मुलगे, आणि अगदी उजव्या कडेला, डाव्या पायावर भार देऊन उभी एक बाई. चित्रातले सगळे एकमेकांकडे बघतात. ती एकटी तुमच्याकडे बघते. बाकाच्या उजव्या टोकाला अशील बसायला मागत नसत. गर्दी असली तरी दाटीवाटी करून डावीकडे बसत, आणि अप्पा हसून म्हणायचा, "तिच्याखाली बसून खोटं बोलवत नाही लोकांना."

घरात सांगत आले होते, की ती मूळपुरुषाची पहिली बायको. ती नवऱ्याच्या आधी, अहेवपणी गेली. हातात कमळाची मिटलेली कळी आहे, म्हणजे आयुष्य मिटलं. म्हणून दरवर्षी पितृपक्षात अविधवा नवमीला, अहेव गेलेल्या बायकांच्या दिवशी, तिच्या कपाळाला कुंकू लावायचं आणि तिच्या नावानं पान वाढायचं. कुंकू लावायचा मान घरच्या थोरल्या लेकीचा. ती लेक म्हणजे अप्पाची मोठी बहीण, आमची ताई.

ताई चौदाव्या वर्षी सासरी गेली आणि एकोणिसाव्या वर्षी पांढरं कपाळ घेऊन माहेरी परत आली. तिनं नवमीला कुंकवाला हात लावावा की नाही यावर त्या वेळी घरात बोलणं झालं होतं म्हणे. तिचे वडील म्हणाले, नियम लेकीचा आहे, सवाष्णीचा असं कुठं म्हटलेलं नाही. तेव्हापासून वर्षातून एक दिवस ताई करंडा उघडायची. करंगळीशेजारचं बोट लाल व्हायचं. ते बोट ती दिवसभर धूत नसे. मी लहानपणापासून पाहिलेली ही गोष्ट, पण तिच्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं.

समईच्या धुरानं आणि मेणाकुंकवाच्या थरांनी ते चित्र काळं पडत चाललं होतं. अप्पाच्या मुलीचं लग्न ठरत होतं, पाहुणे येणार होते. साफ करणारा कुणी आहे का, असं त्यानं मला विचारलं आणि मी मोठ्या हौसेनं ओव्हाळ सरांचं नाव सांगितलं.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गेलो. कर्जतहून खोपोली, शिळफाट्यावर गाडी बदलून खालापूर. पहिल्या दिवशी चहा आला तो अप्पाला आणि मला कपबशीतून, सरांना पितळी पेल्यातून. सरांनी पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि अगदी सहज म्हणाले, "चित्रात उगाच काही नसतं." अप्पाला वाटलं, भिंतीवरच्या चित्राबद्दल म्हणताहेत. आत दाराशी ताई उभी होती. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना कपबश्या आल्या.

पहिला सबंध दिवस सरांनी नुसतं बघितलं. मग तीन दिवस पावाच्या मऊ गरानं आणि जवसाच्या तेलात किंचित भिजवलेल्या कापसानं ते बोटभर बोटभर साफ करत गेले. उभ्या बाईच्या कपाळावर कुंकू आणि मेण मिळून सुपारीएवढं टेंगूळ झालं होतं. ते त्यांनी सगळ्यात शेवटी काढलं. मी, अप्पा, ताई, तिघंही तिथंच होतो.

कपाळावर कुंकू नव्हतं. चित्रकारानं रंगवलंच नव्हतं. नुसती गोंदणाची एक बारीक रेघ आणि तिच्याखाली तीन ठिपके होते.

सरांनी कापूस बाजूला ठेवला. मग बोलायला लागले आणि भाषा बदलली. "ही बायको नाय. बसलेलीच्या कपाळाला कुंकू हाय, हिच्या नाय. गळ्यात मणी नाय, पायात जोडवी नाय. आणि ही कळी नाय, बघा." धुराखालून तिचे हात वर आले होते. हातात होतं एक गोल झाकण, आणि आम्ही ज्याला कळी म्हणत आलो ती त्याची मूठ होती. बसलेल्या बायकोच्या गुडघ्याशी पानाचा डबा उघडा पडलेला होता. त्याचंच ते झाकण. "बाईसाहेबांचं पान खाऊन व्हायचंय. मग ही डबा लावणार. तवर उभी." पेशवाईत बायका विकत घेत, घरात बटीक म्हणून ठेवत, हे आम्ही इतिहासात वाचलेलं होतं. ते आपल्या घरच्या भिंतीवर असेल असं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

"पावणेदोनशे वर्षं झाकण धरून उभी हाय ही," सर म्हणाले, "आणि कुणी हिला म्हटलं नाय, की ठेव गं खाली."

परतीच्या बसमध्ये त्यांनी मला सांगितलं, की ती रेघ आणि ते ठिपके त्यांच्या आईच्या कपाळावरही होते. मी काही बोलायच्या आत त्यांनी स्वतःच खोडून काढलं. तसं गोंदण निम्म्या मुलखातल्या कष्टाच्या बायकांच्या अंगावर असतं. आणि ही त्यांच्यातली असणं शक्यच नव्हतं, त्यांच्यातल्या बाईला पानाच्या डब्याला कुणी शिवू दिलं असतं? "रक्तानं आमची नाय," ते म्हणाले, "पण उभं राहणं आमचंच हाय." त्या दिवशी ते फार खुशीत होते. चित्रात राजे आणि सरदारच असतात असं त्यांना कायम वाटत आलं होतं, आणि अचानक ओळखीचं माणूस भेटलं होतं.

नंतर ती त्यांना दिसायला लागली. शिळफाट्याच्या बाजारात एक कुटुंब बांगड्या घेतंय आणि मागं एक बाई पिशव्या धरून उभी आहे, डाव्या पायावर भार देऊन. "काल ती दिसली," सर सकाळी आल्या आल्या मला सांगायचे. कधी लोधिवलीच्या थांब्यावर, कधी शाळेच्याच स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या हाराचं तबक धरून उभ्या असलेल्या आमच्या शिपाईणबाईंमध्ये. ते जाऊन म्हणायचे, ठेवा ते खाली. तिथूनच ती सवय. मी आधी हसले. मग एकदा नेरळच्या बाजारात मलाही ती दिसली, आणि मी बघतेय तोवर तिनं वळून माझ्याकडं पाहिलं. घरी येईपर्यंत माझ्या अंगावरचा काटा गेला नाही.

त्या खुशीची किंमत काय होती, ते पुढच्या भाद्रपदात कळलं. अप्पा वकील माणूस, पुराव्यानं चालणारा. त्यानं घरात सांगून टाकलं, की चित्रातली बाई घरची सून नव्हे, तेव्हा तिची नवमी करण्याचं कारण नाही. बटकीला कुणी पान वाढत नाही. आवाज न चढवता, अगदी सरळपणे त्यानं हे सांगितलं आणि त्या वर्षी करंडा देवघरातल्या फडताळातून बाहेर निघाला नाही. मी त्या दिवशी तिथं होते. जेवताना, भांडी आवरताना ताईचा अंगठा करंगळीशेजारच्या बोटावर फिरत होता, सारखा, कोरडा. मला ते बघवेना.

हे मी सरांना सांगायला नको होतं, पण सांगितलं. त्यांच्या हातात पेन्सिल होती, ती त्यांनी खाली ठेवली. त्या दिवशी त्यांचे दोन तास मुलांनी तांब्याकडे बघण्यात गेले, आणि या वेळी सरांना त्यातून काही काढायचं नव्हतं. रविवारी ते मला घेऊन खालापूरला गेले, ताईची माफी मागायला. खरं बोललो, पण कुणासमोर बोलतोय ते बघितलं नाही, असं काहीतरी ते म्हणाले. जन्मभर हात बघत आलो आणि या बाईचे हात बघितले नाहीत, हे त्यांना लागलं होतं.

ताईनं त्यांना बसायला सांगितलं, बाकाच्या उजव्या टोकालाच. आणि म्हणाली, "मास्तर, मला ठाऊक होतं."

ताईनं सांगितलं, माहेरी परत आली त्याच वर्षी आषाढात दमट हवेनं चित्रातल्या कपाळावरची खपली गळून पडली होती. आत कपाळ कोरडं. तिनं पाहिलं आणि कुणाला न सांगता मेण लावून, वर कुंकू लावून ते झाकून टाकलं. "बसलेलीच्या कपाळाला चित्रकारानंच लावलंय. तिला माझी काय गरज? हिला कुणी लावलेलं नव्हतं, म्हणून मी लावत आले." मग तिनं सरांकडं एक मागणं मागितलं. अप्पा कोर्टात गेला की ती नवमीला गुपचूप लावेल, त्याची तिला भीती नव्हती. भीती पुढची होती. तिच्यामागं घरात लेक उरणार नव्हती, अप्पाची मुलगी लग्न होऊन दूर गेली होती. "तुमच्याकडं रंग आहेत. पुसला जाणार नाही असा एक टिळा हिच्या कपाळावर काढा. म्हणजे मी मोकळी होईन."

सर नाही म्हणाले. मला वाटलं होतं, लगेच हो म्हणतील. त्यांनी फार सौम्यपणे सांगितलं, की नवमी, पक्ष, कुंकू हे सगळं ते नदीत सोडून आले आहेत. आणि दुसरं म्हणजे, त्या सगळ्या चित्रात ते रिकामं कपाळ एवढीच एक खरी गोष्ट आहे. ते भरलं, की ती बाई पुन्हा कुणाची तरी बायको होणार आणि तिचं उभं राहणं कुणाला दिसणार नाही. "चित्रकारानं जागा मोकळी ठेवली, ती मी कशी भरू, ताई?"

ताई म्हणाली, "चित्रकारानं तिला विचारलं होतं का?"

पुढं दहा-बारा वर्षं ते वाक्य त्यांना त्या बाईइतकंच छळत राहिलं. स्टाफरूममध्ये त्यांच्या टेबलाच्या खणात तिची चित्रं साठत गेली. बसच्या तिकिटामागं, परीक्षेच्या उरलेल्या कागदांवर, सगळीकडं तीच. झाकण, डावा पाय, गोंदणाची रेघ. कपाळावर पेन्सिल येऊन थांबायची आणि सर कागद उलटा करून ठेवायचे. दर भाद्रपदात ते मला विचारायचे, लावलं का ताईंनी? मी हो म्हणायची. ते मान हलवायचे आणि हजेरीपट काढायचे. एकदा मीच चिडून म्हटलं, सर, एवढा जीव जातोय तर एक ठिपका काढून टाका ना. ते म्हणाले, "काढीन आणि मग रोज म्हणीन, का काढला. नाय काढला तरी रोज म्हणतोच हाय." त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. मी पुन्हा तो विषय काढला नाही.

ताई एका फाल्गुनात गेली. मी तार मिळाल्यावर खालापूरला गेले. सर आले नाहीत. मला राग आला, आणि तो मी सहा महिने धरून ठेवला.

भाद्रपदात, नवमीच्या सकाळी, मी अप्पाकडे होते. सांगायला लाज वाटते, पण मला स्वतःला काही करायचं धाडस नव्हतं. नुसतीच जाऊन बसले होते. दहाच्या सुमाराला सर दारात आले. पांढरा शर्ट, खांद्याला रंगांची लाकडी पेटी. तोवर ते निवृत्त झाले होते आणि कळंबहून तीन गाड्या बदलून आले होते. अप्पा म्हातारा झाला होता, बहिणीच्या जाण्यानं मोडला होता. त्यानं खुर्ची सरकवून दिली.

सरांनी पेटी खाली ठेवली आणि चित्रासमोर बसले. तासभर बघितलं. शाळेचा तास, चाळीस मिनिटांचा. मग पेटीकडे हात नेला, आणि तो तिथंच थांबला. मला म्हणाले, "बाई, ताईंचा करंडा हाय का घरात?"

मी फडताळातून करंडा आणून उघडून दिला. सर उठले, बोट बुडवलं, आणि त्या कपाळावर, गोंदणाच्या रेघेच्या वर, एक लहानसं कुंकू लावलं. गोंदण झाकलं जाणार नाही अशा बेतानं.

अप्पानं खालच्या आवाजात विचारलं, "मास्तर, तुम्हाला हे चालतं?"

"ही नवमी नाय, वकीलसाहेब," सर म्हणाले. "हजेरी हाय."

मी विचारलं, की मग रंगानं का नाही, ताईनं तर पक्कं मागितलं होतं. सर म्हणाले, "पक्कं केलं असतं तर पुढच्या वर्षी कुणाला यावं लागलं नसतं."

त्यानंतर सहा वर्षं ते दर नवमीला आले. आता मी जाते. माझं काही नातं लागत नाही तिच्याशी, आणि मी घरची लेकही नव्हे, पण अप्पाच्या मुलानं मला कधी विचारलेलं नाही. बाकाचं उजवं टोक अजून रिकामंच असतं, तिथं मी बसते.

सर शेवटचे आले त्या वर्षी त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. कपाळ कुठं आहे ते त्यांनी आधी डाव्या हातानं चाचपलं, मग लावलं. अंदाज चुकून थोडं कुंकू तिच्या पापणीवर सांडलं, ते त्यांनी फुंकर घालून उडवलं. मग ते मागं वळले, माझ्याकडं तोंड करून, आणि एकदम थबकले. चेहरा उतरला. मी त्यांच्यामागं उजव्या बाजूला उभी होते. त्यांना अंधुक दिसत असणार. मला कळेना काय झालं, म्हणून मी खाली पाहिलं. माझ्या दोन्ही हातांत करंड्याचं झाकण होतं. डाव्या पायावर भार देऊन, ते झाकण धरून, त्यांचं व्हायची वाट बघत मी उभी होते.

"बाई," सर म्हणाले, "ते झाकण ठेवा खाली."

मी ठेवलं.

थांब्यापर्यंत मी त्यांना पोचवायला गेले. गाडी आली, त्यांना खिडकीची जागा मिळाली. पेटी मांडीवर न घेता त्यांनी पायाशी ठेवली. पांढऱ्या शर्टाला लागू नये म्हणून उजवा हात खिडकीच्या गजाबाहेर काढला होता, आणि गाडी चौक गावाच्या दिशेनं वळेपर्यंत मला त्यांचा चेहरा दिसला नाही. फक्त तो हात दिसत राहिला. करंगळीशेजारचं बोट लाल होतं, आणि हात रिकामा होता.